संचालकांचा वाटा

“मासे कुणी पळवले नाहीत. त्यांना जिथं आवडलं, तिथं ते गेले.”

नीलार्णव विद्यापीठाच्या वकिलांनी लवादापुढे हे वाक्य उच्चारलं, तेव्हा ईश्वरी खवणेकर शाळकरी पोर होती. बाबांच्या शेजारी मागच्या बाकावर बसली होती. वाक्य संपवून वकिलांनी पाण्याचा घोट घेतला आणि माडवेळच्या रापण संघाचा दावा तिथंच बुडाला. परतीच्या बसमध्ये ईश्वरीने ते वाक्य पाढ्यासारखं पाठ करून ठेवलं. ते परत करायची वेळ कधीतरी येईल, एवढंच तिला माहीत होतं.

माडवेळ हे मालवणच्या बाजूचं लहानसं गाव. त्या गावाची ओळख म्हणजे रापण. होडी अर्धगोल फिरत समुद्रात जाळं सोडत जाते, जाळ्याच्या दोन्ही टोकांच्या दोऱ्या किनाऱ्यावर येतात, आणि दोन रांगांत उभी राहून माणसं त्या ओढत राहतात. रापणीचा नियम साधा होता. दोरीला हात लावला त्याचा वाटा. मग तो संघातला असो, पोस्टमन असो की फिरायला आलेला पाहुणा. वाटा घेतल्याशिवाय त्याने जायचं नाही, आणि त्याचा वाटा दुसऱ्या कुणी घरी न्यायचा नाही. ईश्वरीचे बाबा, जयवंत खवणेकर, या रापणीचे तांडेल होते. जाळं कधी टाकायचं, कुठं टाकायचं, हे तेच ठरवायचे. नीलार्णव आल्यावर ठरवण्यासारखं काही राहिलं नाही. ओढून ओढून वर यायचं ते शेवाळ.

ईश्वरी बारावी झाली त्या वर्षी प्रवेशाचे दोन निरोप एकाच सकाळी तिच्या फोनवर आले. दोन्ही सागरी जीवशास्त्राचे. एक जिल्ह्याच्या गावच्या सरकारी विद्यापीठाचा. दुसरा नीलार्णवचा, डोंगरापलीकडच्या त्या काचेच्या विद्यापीठाचा. नीलार्णवने पूर्ण फी माफ केली होती आणि शिष्यवृत्तीला नाव दिलं होतं ‘किनाऱ्याची कन्या’.

“सरकारी कॉलेजात पंखो तरी फिरता काय?” आई भाकरी थापता थापता म्हणाली. “राग पोटात ठेव नि शीक गो. पदवी देताना कोण तुझ्या बापाशीचो राग बघतलो?”

बाबा ओट्यावर बसून जाळ्याचं एक भोक शिवत होते. त्या जाळ्यात आता मासा येत नव्हता, तरी भोक पडलं की ते शिवायचे.

“चेडवा,” ते मान वर न करता म्हणाले, “त्येंच्या दोरयेक हात लावलंस, तर ह्या उंबऱ्याक पाय लावू नको.”

“आधी दोन्हीकडे बघून तरी येतंय, बाबा.”

“बघ. बघूक वाटो लागणा नाय.”

*

सरकारी विभाग मासळी बाजाराच्या मागे, एका जुन्या दुमजली इमारतीत होता. पंखा फिरत होता. आईला सांगायला हवं, असं ईश्वरीच्या मनात आलं. प्रयोगशाळेत काचेची एक मोठी टाकी होती. तिच्या कोपऱ्यातून पाणी झिरपत होतं आणि खाली बादली ठेवली होती. भरली की पाणी परत टाकीत ओतायचं.

“दुरुस्तीचा अर्ज दिलाय,” प्राध्यापक आजगावकर म्हणाले. निवृत्तीला आलेला, खांदे पाडून चालणारा माणूस. बोलताना समोरच्याकडे न बघता टाकीकडे बघायचे. “पण बादलीचीही सवय होते. माडवेळची ना तू? मग हे ऐक.”

त्यांनी तिच्या कानांवर हेडफोन चढवले.

समुद्र मुका आहे असं आपल्याला वाटतं, कारण आपले कान हवेसाठी घडले आहेत. निरोगी खडकापाशी पाण्यात मायक्रोफोन सोडला, तर तापल्या तेलात मोहरी तडतडावी तसा अखंड आवाज ऐकू येतो. तो बहुतेक एका बोटभर कोळंबीचा. ती आपली नांगी इतक्या झटक्यात मिटते की पाण्यात बुडबुडा होतो आणि फुटतो. लाखो कोळंब्यांची ही तडतड. तिच्यात माशांचं घुरघुरणं, खडक खरवडणारे दात असं सगळं मिसळतं. माशांची पिल्लं अंड्यातून निघाली की काही आठवडे भर समुद्रात वाहत असतात. तांदळाच्या दाण्याहून लहान. घर कुठं करायचं हे त्यांना दिसत नाही. ती ऐकतात. जिथं तडतड दाट तिथं अन्न आहे, आडोसा आहे, असं त्यांच्या अंगातच लिहिलेलं असतं. त्या दिशेने ती पोहू लागतात.

“कुठला आवाज आहे हा?” ईश्वरीने विचारलं.

“तुमच्या गावचा. तुम्ही ज्याला म्हातारीचा खडक म्हणता ना, तो. तू तेव्हा रांगतही नसशील.”

या आवाजावरून आजगावकरांनी एक यंत्र बनवलं होतं. पाण्याखालच्या कर्ण्यांची माळ आणि ती चालवणारा, स्वतः शिकत जाणारा एक संगणक. त्याचं नाव त्यांनी ‘हाक’ ठेवलं. मेलेल्या खडकांवर आधी अन्न आणि आडोसा तयार करायचा, मग पिल्लांच्या मोसमात थोडे आठवडे हाक वाजवायची, वस्ती झाली की बंद करायची. सरकारी विद्यापीठाने हे तंत्रज्ञान खासगी संस्थांना वापरायला दिलं. नीलार्णवने आपल्या उपसागराच्या तोंडाशी हाकेची कोसभर लांब माळ टाकली आणि बारा महिने चालू ठेवली. यंत्र शिकत गेलं. कुठल्या आवाजाला पिल्लं येतात, कुठल्या आवाजाला पेडवे वळतात, त्यांच्या मागे बांगडे कसे येतात. आसपासच्या सगळ्या किनाऱ्याची मासळी तिथं जमा झाली. पाण्याखाली काचेचं सभागृह बांधलेलंच होतं. माहितीपत्रकावर छापलं गेलं: देशातला सर्वात जिवंत उपसागर.

ईश्वरीने हेडफोन काढले. “म्हणजे आमच्या माशांना ते आमच्याच खडकाच्या आवाजात बोलावतात?”

आजगावकरांनी टाकीकडे बघत मान हलवली.

आईच्या आवाजात हाक मारून पोर पळवावं तसं. ईश्वरीला तिथल्या तिथं काहीतरी फोडावंसं वाटलं. पण समोर फोडण्यासारखी ती एक टाकीच होती, आणि तीही आधीच गळत होती.

“तिथं पिल्लांना खायला काय आहे?” तिने विचारलं.

“चांगला प्रश्न. तळ वाळूचा, थोडे सिमेंटचे ठोकळे. मोठे मासे काचेपुढे राहावेत म्हणून नळ्यांनी खाद्य सोडतात. पिल्लं माझ्या अंदाजाने मरत असणार. ती आणि न खाल्लेलं खाद्य तळाला कुजत असेल. कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो, मग तळ काळा पडतो. पण हा अंदाज झाला. तिथं एक बाटली बुडवायची परवानगी मी कितीदा मागितली. देत नाहीत. चिखल हातात नाही, तर मी बोलू काय?”

“यंत्र कधीच गप्प बसत नाही?”

“बसतं ना! रोज दुपारी. हाक मारणाऱ्याला मधूनमधून ऐकावंही लागतं, नाहीतर त्याला कळणार कसं कोण आलं ते? दुपारी पाऊणएक तास माळ ऐकत असते. तेव्हा खाद्याच्या नळ्या, बोटी, सगळं बंद. मासे त्या वेळात पांगतात, तोंडाशी जाऊन खरं काही खायला मिळतंय का बघतात. मीच तसं बसवलं होतं. ते त्यांना काढता आलं नाही.”

*

नीलार्णवमध्ये तिला न्यायला विजेची बोट आली. ईश्वरीने ठरवलं होतं की काही आवडून घ्यायचं नाही. काचेच्या सभागृहातून बांगड्यांचा थवा वळताना दिसला. भिंतींतून मंद संगीतासारखी तडतड येत होती. आजूबाजूचे पालक डोळे मिटून ऐकत होते. ती तडतड कुठल्या खडकाची हे तिथं तिला एकटीलाच माहीत होतं. तिने ओठ आवळून धरले.

पण मग त्यांना जहाजाच्या कक्षात नेलं. नीलार्णवचं संशोधन जहाज त्या क्षणी लक्षद्वीपच्याही पलीकडे होतं आणि त्याने खोल समुद्रात सोडलेल्या यंत्राचं चित्र थेट पडद्यावर दिसत होतं. काळोख. त्या काळोखात एक पारदर्शक प्राणी स्वतःच्याच उजेडात हळूहळू उघडत होता, मिटत होता. त्याला अजून नाव नव्हतं. तंत्रज्ञ म्हणाली, “दुसऱ्या वर्षाची मुलं पण जातात बरं का जहाजावर.”

ईश्वरी किती वेळ उभी होती तिला कळलं नाही. राग आपल्याला सोडून कुठंतरी बाहेर जाऊन बसला आहे, हे लक्षात आल्यावर ती दचकली.

“आवडलं?” मागून आवाज आला. नीलार्णवचे संचालक, डॉ. निखिलेश राजाध्यक्ष. उंच, पांढरा लिननचा शर्ट, गोड आवाज. “तुझी जागा आहे त्या जहाजावर. एक छोटीशी विनंती मात्र आहे. पुढच्या आठवड्यात पालक मेळावा आहे, सगळ्या देशातून लोक येतील. मला वाटतं, आपल्या किनाऱ्यावर पारंपरिक रापण दाखवावी. तू आमची ‘किनाऱ्याची कन्या’ म्हणून मंचावर असशील. तुझे वडील रापणीचे प्रमुख ना? लोकांना हात लावू दे, फोटो काढू दे. संस्कृती आणि विज्ञान हातात हात घालून. आणि मासे तर काय, इथं भरपूर आहेत.”

ईश्वरी त्यांच्याकडे बघत राहिली. या माणसाने रापण मारली होती आणि आता तिचा खेळ मांडायला तो तिलाच सांगत होता. आणि यात काही वावगं आहे हे त्याच्या गावीही नव्हतं. बाहेर जाऊन बसलेला राग परत आला, आणि येताना एक विचार घेऊन आला.

“करू ना, सर,” ती म्हणाली. “पण रापण परंपरेप्रमाणे व्हायला हवी. दुपारी बाराच्या पुढेच दोरी ओढायला घेतात. आणि दोरीला हात लावला की प्रत्येकाने आपला वाटा न्यायचाच असतो.”

दुपारची परंपरा तिने त्या क्षणी जन्माला घातली होती. माडवेळचं कुठलंही पोर ती ऐकून पोट धरून हसलं असतं.

“परंपरेप्रमाणेच!” राजाध्यक्ष खूश झाले. “हे वाट्याचं फार सुंदर आहे. मी स्वतः जाहीर करीन.”

शिष्यवृत्ती घेऊन मंचावर उभं राहायचं, तर प्रवेश आधी निश्चित करावा लागणार होता. केंद्रीय यंत्रणेत एका वेळी एकच जागा धरता येत होती. नीलार्णवची धरली की सरकारी जागा त्याच क्षणी दुसऱ्या कुणाला जाणार. परतीच्या बोटीत बसून तिने फोनवर नीलार्णवच्या जागेवर बोट ठेवलं.

संध्याकाळी आजगावकरांचा फोन आला. यादीतून तिचं नाव गेल्याचं त्यांनी पाहिलं होतं. तिने त्यांना मेळाव्यातल्या रापणीचं सांगितलं.

“जहाज चांगलं आहे त्यांचं,” ते म्हणाले. “तू गेलीस त्यात मला वाईट वाटण्यासारखं काही नाही. पण यंत्र गप्प कधी बसतं हे तू का विचारलं होतंस, ते आता कळतंय. ईश्वरी, सूड हा विषय आमच्याकडे शिकवत नाहीत.”

“नीलार्णवमध्ये शिकवतात?”

“तिथं सगळं शिकवतात. मात्र मग त्याचीच पदवी मिळते.” मग त्यांनी विचारलं, “मेळावा सगळ्यांना खुला आहे ना?”

“हो, सर.”

“मग मी येईन म्हणतो. दोन-चार रिकाम्या बाटल्या आहेत माझ्याकडे.”

*

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. आधी त्यांचा चेहरा दगडासारखा झाला; मग त्या दगडावरून पाणी उतरावं तसं काहीतरी उतरत गेलं.

“तळ काळो असा म्हणतंस?”

“आजगावकर सर म्हणतत. पण त्यांका परवानगी नाय, म्हणान कोणी बघूक नाय.”

“रापण तळाक टेकता,” बाबा म्हणाले, “पण हलकी. खरवडूचा नाय. माझ्या बापाशीन माका पयली गोष्ट ती शिकवली. खरवडलंस तर पुढच्या वर्साचा खातंस.”

ते उठले, आतल्या खोलीत गेले आणि शिशाच्या गोळ्यांची जड पोतडी ओढत घेऊन आले. जाळ्याच्या खालच्या दोरीला, नेहमीच्या दोन गोळ्यांच्या मधोमध, ते आणखी एक बांधू लागले. गाठ आवळताना पुटपुटले, “बापाशी, माफ कर हां. ह्या जाळा आता तळाक नाक लावन जातला.”

आईने दारातून पाहिलं. “शिकूक पाठवलेली, नि हिना बापाशीक बिघडवल्यान!”

बाबा हसले. कित्येक वर्षांनी ते हसले होते. ईश्वरीला बरं वाटलं, आणि लगेच काहीतरी टोचलंही. परीक्षेत ती पहिली आली तेव्हा ते एवढे हसले नव्हते. तिने शिशाची एक गोळी उचलली आणि त्यांच्या शेजारी बसून गाठ मारायला घेतली.

*

मेळाव्याला नीलार्णवच्या वाळूवर मांडव घातला होता. पुण्याचे, नागपूरचे, हैदराबादचे पालक टोप्या घालून आले होते. आकाशात दोन कॅमेरे भिरभिरत होते. माडवेळच्या माणसांना विद्यापीठाने एकसारखे भगवे फेटे दिले होते. बाबांनी तो फेटा हातात धरून विचारलं, “ह्यो कशाक? रापणीत फेटो बांधून गेलो तर बायल घरात घेवची नाय.” तरी त्यांनी तो बांधला. सगळ्यांनी बांधला.

साडेबारा झाले. काचेच्या सभागृहाच्या भिंतीतली तडतड थांबली नाही. तिथं ती नोंदवलेल्या आवाजावर चालते, यंत्र मधे थांबतं हे पालकांना कळू नये म्हणून. पण पाण्याखालची माळ गप्प झाली होती. खाद्याच्या नळ्यांची घरघर बंद पडली. उपसागराच्या तोंडाशी पाणी एका जागी थरथरलं, आणि एक भला मोठा थवा उघड्या समुद्राकडे निघून गेला. किनाऱ्यावरून ते तिघांनाच कळलं: बाबांना, ईश्वरीला, आणि मांडवाच्या कडेला पिशवी घेऊन उभ्या असलेल्या आजगावकरांना. मग बाबांनी खूण केली, आणि होडीने जाळं टाकत अर्धगोल पुरा केला.

राजाध्यक्षांनी माइक घेतला. “मित्रांनो, या किनाऱ्याची एक सुंदर परंपरा आहे. जो दोरीला हात लावेल, त्याला त्याचा वाटा मिळेल. आणि तो प्रत्येकाने घरी न्यायचाच आहे! पहिला हात माझा.”

टाळ्या पडल्या. त्यांनी पांढऱ्या बाह्या सारून दोरी धरली. कॅमेरा खाली आला. त्यांच्यामागे पालकांची झुंबड उडाली. मुलांना पुढे ढकलून फोटो काढले गेले. आजगावकरही रांगेच्या शेवटी जाऊन दोरीला हात लावून उभे राहिले, लग्नाच्या पंगतीत चुकून शिरल्यासारखे.

“मोठ्यान सांगतंय,” बाबा ओरडले, “वाटो घेतल्याबगर कोणी जावचा नाय! कबूल?”

“कबूल!” सगळा मांडव ओरडला.

दोरी जड होती. माडवेळची माणसंसुद्धा टाचा रोवून ओढत होती. “बघा, बघा वजन!” राजाध्यक्ष धापा टाकत माइकवर म्हणाले. “हा आहे आपला जिवंत उपसागर!” पालकांना जोर आला. नागपूरहून आलेली एक मुलगी ईश्वरीच्या पुढे दोरी ओढत होती. ती मागे वळून म्हणाली, “मी पण जीवशास्त्रालाच आहे. आपण एका वर्गात!”

ईश्वरी दोरी ओढत राहिली. तिच्या हाताला दोरीतून तळ कळत होता. वाळू नव्हती ती. काहीतरी मऊ, चिकट, सुटू न देणारं.

आधी वास आला. सडलेल्या अंड्यांचा. पुढच्या रांगेतल्या बायकांनी पदर, रुमाल नाकाला लावले. कुणीतरी म्हणालं, गटार फुटलं वाटतं. मग जाळ्याची मधली खोळ पाण्यातून वर आली, आणि लोकांच्या हातातली दोरी सैल पडली.

आत चिखल होता. काजळासारखा काळा, दाट, बुडबुडे येणारा. त्यात बुरशी आलेल्या खाद्याच्या गोळ्या. फुगलेले दोन केंड मासे, तेवढेच काय ते जिवंत. आणि सगळ्या चिखलात, उन्हात चमकणारा चुरा पसरला होता. ईश्वरी गुडघ्यांवर बसली. चुरा नव्हता तो. तांदळाच्या कणीएवढी पिल्लं होती. घर सापडलं म्हणून आलेली.

तिने विचार केला होता की या क्षणी आपल्याला आनंद होईल. झालाही. पण पिल्लं इतकी असतील हे तिने मनात धरलं नव्हतं.

बाबांना थांबायचं नव्हतं. त्यांनी नेहमीसारखे वाळूवर ढीग घालायला सुरुवात केली. सारखे, मोजून-मापून, एकाला जास्त नाही, दुसऱ्याला कमी नाही. पहिला ढीग त्यांनी घमेल्यात भरला आणि दोन्ही हातांनी राजाध्यक्षांपुढे धरला.

“घेवा सायबानू. पयलो हात तुमचो.”

“हा काय प्रकार आहे?” राजाध्यक्ष मागे सरले. माइक अजून चालू होता. “मासे कुठं आहेत? मासे कुठं गेले सगळे?”

ईश्वरी उठली. तिने त्यांच्या हातातला माइक घेतला. त्यांनी तो दिलाही, उत्तर मिळेल या आशेने.

“सर, मासे कुणी पळवले नाहीत,” ती सावकाश म्हणाली. “त्यांना जिथं आवडलं, तिथं ते गेले.”

माडवेळच्या रांगेतून कुणीतरी शीळ घातली. राजाध्यक्षांना आपल्या वकिलांचं वाक्य आठवलं. ते त्यांच्या चेहऱ्यावर उमटताना तिने नीट पाहून घेतलं, एकही रेषा न सोडता. याचसाठी तिने सरकारी जागा सोडली होती, आणि आता जहाजही.

“आणि ती हाक?” नागपूरच्या मुलीने विचारलं. तिचे हात काळे झाले होते. “माहितीपत्रकात होती ती? तिच्यामुळे ही पिल्लं आली?” ईश्वरीने मान हलवली. मुलगी मांडवाकडे, काचेच्या इमारतीकडे, आपल्या आईवडिलांकडे बघत राहिली. “म्हणजे आम्हीपण तशीच आलो.”

सुरक्षारक्षक धावत आले. आजगावकर वाळूत बसून बाटल्या भरत होते. एकाने त्यांचा हात धरला. “सर, इथून नमुने न्यायला परवानगी नाही.”

“नमुना नाही हो,” आजगावकर घाबरत घाबरत म्हणाले. “माझा वाटा आहे. मी दोरीला हात लावलाय. तुमच्या साहेबांनीच जाहीर केलं, न्यायलाच हवा म्हणून. सगळ्यांनी ऐकलंय.” आणि त्यांनी झाकण घट्ट लावलं.

*

आजगावकरांच्या वाट्यात जे सापडलं ते लवकरच सगळ्यांना कळलं. तळाला प्राणवायू शून्य. चमचाभर चिखलात एवढी पिल्लं, की आजगावकरांनी पुन्हा पुन्हा तपासलं. आपलंच काही चुकत असेल असं त्यांना वाटत राहिलं. मेळाव्याला आलेले निम्मे पालक पोरांना घेऊन परतले. शासनाने चौकशी नेमली आणि तोवर हाक बंद ठेवायला लावली.

राजाध्यक्षांनी ईश्वरीला काढून टाकलं नाही. त्यांनी तिची जागा तशीच धरून ठेवली. केंद्रीय यंत्रणेत ती नीलार्णवची विद्यार्थिनी राहिली. सोडचिठ्ठी मिळेपर्यंत दुसरीकडे कुठंही नाव घालता येणार नव्हतं. तिने तीन अर्ज केले. उत्तर आलं नाही. सूड त्यांनाही येत होता.

वर्षभर ती सरकारी विभागात यायची. हजेरीपटावर नाव नव्हतं. ती बाटल्या धुवायची, बादली टाकीत ओतायची, सूक्ष्मदर्शकाखाली पिल्लं मोजायची. कधी फोनवर जहाजाचं थेट चित्र लावायची. तो पारदर्शक प्राणी पुन्हा सापडला, त्याला नाव मिळालं. नाव देणाऱ्यांत दुसऱ्या वर्षाची दोन मुलं होती. त्या दिवशी ईश्वरी लवकर घरी गेली.

माडवेळला पुन्हा रापण टाकली. बाबांनी जादाचं शिसं काढून टाकलं होतं. सगळा गाव दोरीला लागला. जाळ्यात आले ते चार पाट्या पेडवे आणि मूठभर बांगडे.

“हाक तर बंद झाली ना गो?” बाबांनी विचारलं.

“बंद झाली, बाबा. पण जी पिल्लां थंय मेली, ती वाढान हंय येवची होती. ती आता खंयसून येतली?”

बाबा वाळूवर लहान लहान ढीग घालत राहिले, सारखे. माणसं जास्त होती आणि मासे कमी. एका ढिगात फार तर एक बांगडा आला. मेळाव्याचा विषय काढून लोक अजून हसत होते. बाबाही हसले. पण ढीग घालून झाल्यावर ते एकटेच पाण्याच्या कडेला जाऊन उभे राहिले.

पुढच्या प्रवेशाच्या दिवसांत एका सकाळी ईश्वरीच्या फोनवर निरोप आला: नीलार्णवने जागा सोडली. आजगावकरांनी चहा मागवला. तिने लगेच सरकारी जागेवर बोट ठेवलं. ‘निश्चित’ अशी हिरवी अक्षरं उमटली, आणि पाठोपाठ फोन वाजला.

“ईश्वरी, राजाध्यक्ष बोलतोय.” आवाज तसाच गोड. “तुझी जागा सोडली, ती तुला अडवून ठेवायचं नाही हे दाखवायला. आता नीट ऐक. चौकशीने आम्हाला तळ साफ करायला सांगितलंय. मोठा प्रकल्प आहे. त्याचा चेहरा तू व्हावंस असं मंडळाला वाटतं. पुन्हा प्रवेश देतो. जहाजावर पहिल्याच वर्षी जागा. झालं गेलं विसरून जाऊ.”

जहाज म्हटल्यावर तो उघडणारा-मिटणारा प्राणी तिच्या डोळ्यांपुढे आला, आणि चेहऱ्यावरचं तिला लपवता आलं नसतं. बरं झालं, राजाध्यक्ष समोर नव्हते. आजगावकर टाकीकडे बघत उभे होते. बादली भरत आली होती. त्यांच्यामागे विभागाचा जुना फ्रीज घरघरत होता. त्याच्या खालच्या कप्प्यात घट्ट झाकणाचा एक डबा होता, मेळाव्याच्या दिवशी वाळूवर तसाच राहून गेलेला काळा ढीग भरलेला. बाबांनी तो स्वतः आणून दिला होता, आणि झाकणावर खडूने नाव घालायला लावलं होतं. दर महिन्याला ते फोन करून विचारायचे, साहेब येऊन गेले का.

“सर, विसरायचं कसं?” ईश्वरी म्हणाली. “तुमचा वाटा अजून आमच्या फ्रीजमध्ये पडलाय. दुसऱ्याचा वाटा आमच्यात कुणी घरी नेत नाही. कधी येताय न्यायला?”